कॅनाबिडिओलचा वाद आणि मिलिग्रॅमचा हिशेब

हेम्पच्या, म्हणजे भांगेच्याच झाडाच्या, तेलाच्या छोट्या बाटल्या कोल्हापुरातल्या प्रत्येक घरात पोहोचल्या नसतील, पण घरांच्या बोलण्यात त्या नक्की आल्या आहेत. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची झोप उडाली आहे, कुणाच्या नातवाला फिट येतात, आणि पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरी करणारा मुलगा ऑनलाइन मागवून एखादी बाटली घरी पाठवतो. तिच्यावर ‘विजया’ हे भांगेचे आयुर्वेदातले नाव लिहिलेले असते, भांगेच्या पानाचे चित्र असते आणि कॅनाबिडिओल किंवा सीबीडी हा शब्द असतो. तिथून वादाला तोंड फुटते. एक बाजू म्हणते, हा गांजाच आहे, फक्त बाटलीत भरलेला. याला आज वाट दिली तर उद्या पोरे कुठे जातील? दुसरी बाजू म्हणते, ही आपल्या आयुर्वेदाची वनस्पती आहे, नैसर्गिक आहे, नशा आणत नाही, मग भीती कसली? व्याख्यानांनंतरच्या प्रश्नोत्तरांत आणि रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींच्या चर्चेत हे दोन्ही सूर मी ऐकतो आणि अस्वस्थ होतो, कारण दोन्ही बाजू एका झाडाच्या चारित्र्यावर भांडत असतात आणि बाटलीतला पदार्थ पोटात गेल्यावर नेमके काय करतो, हे कुणीच विचारत नाही.

माझी भूमिका सुरुवातीलाच मांडतो. सीबीडी हे औषध आहे आणि औषधाला आपण जे प्रश्न विचारतो ते सगळे त्यालाही विचारले पाहिजेत. किती मिलिग्रॅम, कोणत्या आजारासाठी, कोणत्या वयाच्या माणसाला, आधीपासून चालू असलेल्या कोणत्या गोळ्यांबरोबर, किती दिवस? या प्रश्नांची उत्तरे देऊ न शकणाऱ्या माणसाला ना ते तेल बंद करा म्हणण्याचा अधिकार आहे, ना शेजाऱ्याला दोन थेंब घेऊन बघा असे सांगण्याचा.

भांगेच्या झाडात त्याची खास अशी शंभराहून अधिक रसायने, म्हणजे कॅनाबिनॉइड, सापडतात आणि त्यांतली दोन माणसाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहेत. सीबीडी १९४० साली इलिनॉय विद्यापीठात रॉजर ॲडम्स यांनी वेगळे केले, त्याची नेमकी रचना १९६३ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम यांनी उलगडली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी व येहिएल गाओनी यांनी नशा आणणारे टीएचसी शुद्ध स्वरूपात मिळवले. दोन्ही रेणूंचे सूत्र एकच आहे: कार्बनचे २१, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे २ अणू. फरक रचनेत आहे. टीएचसीत अणूंचे जे एक कडे बंद झालेले असते ते सीबीडीत उघडे राहते, आणि एवढ्याशा फरकाने शरीरातली त्यांची वागणूक पूर्ण बदलते. मेंदूतल्या चेतापेशींवर सीबी-१ नावाचे ग्राही, म्हणजे ठरावीक रेणू येऊन बसण्याच्या जागा, असतात. १९८८ मध्ये त्यांचा शोध लागला आणि १९९२ मध्ये शरीर स्वतःच तयार करत असलेला, त्या ग्राहीवर बसणारा आनंदामाइड हा पदार्थ सापडला. टीएचसी याच ग्राहीवर थेट जाऊन बसते, म्हणून काळाचे भान, स्मरण, भूक, चालण्याचा तोल हे सगळे त्याने हलते. सीबीडी तिथे नीट बसतच नाही. उलट, त्या ग्राहीचा आकार किंचित बदलून टीएचसीचा जोर ते थोडा कमी करते असे प्रयोगशाळेतले पुरावे सांगतात. त्याची स्वतःची कामे इतरत्र चालतात: मिरचीतल्या कॅप्सेसिनला प्रतिसाद देणारा टीआरपीव्ही-१, सेरोटोनिनच्या ग्राहींपैकी एक, चेतापेशीच्या आतल्या साठ्यांतून कॅल्शियम सुटण्याशी संबंधित असलेला जीपीआर-५५, आणि मेंदूला शांत करणाऱ्या ॲडिनोसिनचे पेशींत होणारे शोषण. यांपैकी फिट थांबवण्यात कोणाचा वाटा किती, हे विज्ञानाने अजून पूर्ण निश्चित केलेले नाही. मात्र सीबीडीने नशा होत नाही आणि त्याचे व्यसन लागण्याची चिन्हे दिसत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये स्पष्ट म्हटले आहे.

मग एकाच झाडातून आलेले म्हणून ते गांजा ठरते का? कोल्हापूरकरांना या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकघरातून ठाऊक आहे. पांढऱ्या रश्श्याच्या वाटणात खसखस पडते, आणि खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. त्याच बोंडाला चीर दिली की अफूचा चीक येतो, त्या चिकातून मॉर्फिन निघते, आणि तेच मॉर्फिन कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला वेदनेतून सोडवते. बी, चीक आणि शुद्ध औषध यांना समाजाने तीन वेगळे नियम लावले आणि कुणालाही त्यात विसंगती वाटली नाही. हेम्पच्या बाबतीत हेच करायला अडचण का यावी? अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पचे बी, बियांचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली आहे. त्या बियांत सीबीडी जवळजवळ नसते, त्यामुळे बियांचे तेल घेऊन सांधेदुखी जाईल अशी आशा धरणाऱ्याची फसवणूकच होते, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मात्र इतक्यावर संपत नाही आणि त्यांचे सर्वांत भक्कम मुद्दे टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिला मुद्दा असा की हेम्प आणि गांजा ही एकाच जातीची झाडे आहेत, डोळ्यांनी ओळखू येत नाहीत, आणि शेतात उभे असताना पोलिसाने काय करायचे? अमेरिकेने २०१८ च्या कृषी कायद्यात ०.३ टक्क्यांहून अधिक टीएचसी नसलेल्या झाडाला हेम्प ठरवले. ती रेषा कॅनडातील वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्मॉल यांनी १९७६ मध्ये वर्गीकरणाच्या सोयीसाठी आखली होती आणि ती थोड्या मनमानीनेच आखावी लागते याची त्यांना कल्पना होती. नशेची सुरुवात तिथे होते असा तिचा अर्थ कधीच नव्हता. दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. त्या कायद्यानंतर काही उत्पादकांनी हेम्पमधले सीबीडी आम्लाच्या साहाय्याने डेल्टा-८ टीएचसी या नशा आणणाऱ्या पदार्थात बदलले आणि ‘हेम्पपासून बनलेले, म्हणून कायदेशीर’ या नावाखाली गोळ्या-चॉकलेटांच्या रूपात विकले. औषधाच्या दाराने नशा आत शिरेल ही भीती काल्पनिक नाही, ती एका मोठ्या देशात खरी ठरली आहे. मी हे मान्य करतो. पण त्या घटनेचे कारण नीट पाहा. तिथल्या कायद्याने झाडाची व्याख्या केली आणि बाटलीत शेवटी काय उतरले याची चौकशी सोडून दिली. ज्यांना ही वाट बंद करायची आहे त्यांनी विक्रीच्या प्रत्येक बॅचमधल्या प्रत्येक कॅनाबिनॉइडच्या मोजमापाची मागणी केली पाहिजे. सरसकट बंदीने मोजमाप होत नाही. बंदी असलेल्या मालावर लेबल नसते आणि तो तपासून घेण्याची सोयही नसते.

मोजल्याशिवाय दोष देण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. १८९३-९४ मध्ये सरकारने भारतीय हेम्प ड्रग्ज आयोग नेमला, कारण गांजामुळे वेड्यांची इस्पितळे भरत आहेत अशी तक्रार ब्रिटिश संसदेपर्यंत गेली होती. आयोगाने अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या आणि इस्पितळांच्या नोंदींचा मागोवा घेतला. तेव्हा लक्षात आले की रुग्णाच्या आजाराचे कारण बऱ्याचदा त्याला आणून सोडणाऱ्या पोलिसाच्या कागदावरून भरले जात होते. नातेवाईक सापडत नसत, इतिहास ठाऊक नसे, आणि ‘कारण’ या रकान्यात गांजा लिहिणे सोपे असे. वर्षानुवर्षे हेच आकडे पुरावा म्हणून फिरत राहिले. आज सीबीडीचे समर्थक या आयोगाचा दाखला देतात आणि म्हणतात, बघा, इंग्रजांनीही निर्दोष ठरवले. हा दाखलाही चुकीचा आहे. आयोगाने भांग, गांजा आणि चरस यांच्या बेताच्या सेवनाबद्दल मत दिले. सीबीडी नावाचा पदार्थ तेव्हा कुणाला माहीतच नव्हता. त्या अहवालातून घेण्यासारखी गोष्ट त्याचा निष्कर्ष नसून पद्धत आहे: रकाना कोणी भरला, कशाच्या आधारावर भरला, हे जाऊन पाहण्याची.

ही पद्धत सीबीडीला लावली तर काय दिसते? सर्वांत स्पष्ट पुरावा लहान मुलांच्या काही दुर्मिळ आणि हट्टी अपस्मारांत आहे. ड्रॅव्हे सिंड्रोम हा त्यांतला एक. पहिल्या वर्षातच फिट सुरू होतात आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२० मुले व तरुण रुग्ण होते. सीबीडी घेणाऱ्यांमध्ये महिन्याच्या झटक्यांचा मध्यक (मधला आकडा) १२.४ वरून ५.९ वर आला, तर तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रावण घेणाऱ्यांमध्ये तो १४.९ वरून १४.१ इतकाच उतरला. अशा चाचण्यांच्या बळावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये एपिडायोलेक्स हे शुद्ध सीबीडीचे द्रावण ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या दोन आजारांसाठी मंजूर केले, आणि २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजारातल्या फिटसाठी. महिन्याला सहा झटके कमी होणे ही त्या घरासाठी किती मोठी गोष्ट आहे, हे अशा मुलाला घेऊन मोठ्या इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या आईला विचारावे. ‘गांजा’ या एका शब्दाने तिचा विषय संपवणाऱ्यांबद्दल मला खरोखर राग येतो.

मात्र हाच पुरावा दुसऱ्या बाजूच्या दाव्यांना धक्का देतो आणि इथे मी जास्त थांबणार आहे, कारण बाजारात आज जास्त आवाज त्यांचा आहे. चाचण्यांतली मात्रा पाहा: शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १० ते २० मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला म्हणजे दिवसाला २०० ते ४०० मिलिग्रॅम. जिभेखाली चार थेंब घेणाऱ्या माणसाच्या शरीरात अनेकदा दहा-वीस मिलिग्रॅमच जातात, आणि पोटात गेलेल्या सीबीडीपैकी रिकाम्या पोटी जेमतेम सहा टक्के रक्तापर्यंत पोहोचते, तर स्निग्ध जेवणाबरोबर घेतले तर रक्तातले प्रमाण चार-पाच पट वाढते. म्हणजे तीच बाटली, तेच थेंब, पण उपवासाच्या दिवशी एक मात्रा आणि रविवारच्या मटणाच्या जेवणानंतर वेगळीच. चिंतेवर उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी ब्राझीलमध्ये निरोगी माणसांना श्रोत्यांसमोर बोलायला लावून चाचण्या झाल्या. २०१९ च्या एका चाचणीत ३०० मिलिग्रॅमने चिंता कमी झाली, पण १५० ने नाही आणि ६०० नेही नाही. जास्त घेतले की जास्त गुण, हा साधा हिशेबसुद्धा इथे लागू पडत नाही. ज्या पदार्थाची मात्रा इतकी नाजूक आहे तो ‘थेंब वाढवून बघा’ या सल्ल्यावर कसा सोडायचा?

‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य तर मूळ चाचण्यांनीच खोटे ठरवले आहे. सीबीडी घेणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्क्यांमध्ये यकृताचे एएलटी हे एन्झाइम सामान्य मर्यादेच्या तिप्पट वर गेले. औषध न मिळालेल्या गटात हे प्रमाण १ टक्का होते. व्हॅल्प्रोएट हे फिटचे जुने औषध बरोबर चालू असलेल्यांत हा धोका अधिक होता. झोपाळलेपण, जुलाब, भूक मंदावणे हे तर नेहमीचे. त्याहून महत्त्वाचे असे की आपली कितीतरी औषधे यकृतातल्या ज्या एन्झाइमांमुळे निष्प्रभ होऊन बाहेर पडतात, त्यांतल्या काहींना सीबीडी अडवते. त्यामुळे क्लोबाझाम हे फिटचे औषध घेणाऱ्या मुलात त्या औषधाच्या सक्रिय अंशाचे प्रमाण जवळपास तिपटीने वाढते आणि मूल दिवसभर पेंगत राहते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफॅरिनचा परिणाम वाढल्याची नोंद आहे. गुडघ्यासाठी तेल घेणारे आपल्याकडचे लोक कोण असतात? साठी ओलांडलेले, रक्तदाब, हृदय आणि साखरेच्या गोळ्या रोज घेणारे. ब्रिटनच्या अन्न प्रमाण संस्थेने २०२३ मध्ये निरोगी प्रौढांसाठीची रोजची मर्यादा ७० मिलिग्रॅमवरून १० वर आणली, ती यकृताच्या याच काळजीपोटी.

आयुर्वेदाचा आधार घेणाऱ्यांशी मला अधिक आदराने बोलायचे आहे, कारण त्यांचा मूळ मुद्दा खोटा नाही: या भूमीत या वनस्पतीचा औषधी उपयोग शतकानुशतके झाला आहे. पण मग परंपरा जे सांगते ते पूर्ण ऐकले पाहिजे. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात भांगेचे गुण सांगताना ती कफहारक, ग्राही (म्हणजे इथे जुलाब रोखणारी), पाचक असल्याचे म्हटले आहे आणि त्याच श्लोकात ती मोह व मद वाढवणारी आहे असेही म्हटले आहे. वैद्य शार्ङ्गधराने पचण्याआधीच सर्व शरीरात पसरणाऱ्या द्रव्यांचे उदाहरण म्हणून भांग आणि अफू यांची नावे शेजारी-शेजारी दिली. याचा सरळ अर्थ असा की जुन्या वैद्यांसमोरची भांग टीएचसीयुक्त होती, तिचा मद त्यांना ठाऊक होता, आणि म्हणूनच तिचे शोधन करून, इतर द्रव्यांबरोबर, मोजून ती दिली जाई. आजही औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ परिशिष्टात, विषारी द्रव्यांच्या यादीत, भांगेचे नाव आहे आणि तिच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे असा इशारा छापणे बंधनकारक आहे. मग शुद्ध सीबीडीला हजारो वर्षांच्या अनुभवाचे प्रमाणपत्र कुठून मिळाले? तो अनुभव दुसऱ्या मिश्रणाचा आहे.

परंपरेतले द्रव्य आधुनिक औषध कसे बनते याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सर्पगंधेची मुळी बिहारकडे ‘पागल की दवा’ म्हणून विकली जाई. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब व उन्मादावरच्या तिच्या परिणामाबद्दल लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर तिची चाचणी घेऊन १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले, आणि मग जगाचे लक्ष गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे झाले, मिलिग्रॅमच्या अंशांत त्याची मात्रा ठरली, आणि वापर वाढल्यावर काही रुग्णांत नैराश्य येते हेही कळले. मोजले म्हणून गुण सिद्ध झाला आणि मोजले म्हणून दोषही सापडला. सर्पगंधेचा यात अपमान झाला असे कुणी म्हणेल का? डॉ. वकील यांनी केलेले काम परंपरेच्या विरोधात नव्हते. परंपरेला इतक्या गांभीर्याने घेणारे त्यांच्याआधी फार थोडे झाले.

आपला कायदा मात्र अजून झाडाच्या अवयवांत अडकला आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा किंवा फळधारी शेंडे. त्यांच्याशिवाय असलेली पाने आणि बी त्या व्याख्येबाहेर आहेत. त्यामुळे पानांच्या अर्कातून केलेली औषधे आयुष परवान्याखाली विकता येतात, तर त्याच झाडाच्या फुलातला तोच रेणू गुन्ह्याच्या कक्षेत जातो. शरीराला पान आणि फूल यांतला फरक कळत नाही. त्यातच महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने भांगेवरही परवान्याचे बंधन आहे, आणि उत्तर भारतात मोकळेपणाने दिसणारी गोष्ट इथे तशी नाही. पर्णअर्काच्या औषधात सीबीडीबरोबर टीएचसी असतेच, कधी बरेच असते, आणि ग्राहकाला ते ‘विजया’ या एका शब्दामागे दिसत नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी झाली तेव्हा फक्त २६ बाटल्यांवरचे प्रमाण बरोबर निघाले आणि १८ मध्ये टीएचसी सापडले. इथे कोल्हापूरने विशेष सावध असावे. तालमीत घाम गाळणाऱ्या मुलांना स्नायूंच्या दुखण्यासाठी हे तेल सुचवले जाऊ लागले आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१८ पासून सीबीडीला प्रतिबंधित यादीतून वगळले हे खरे, पण टीएचसी स्पर्धेच्या काळात प्रतिबंधितच आहे. बाटलीतल्या न छापलेल्या टीएचसीमुळे पैलवानाचा नमुना सदोष निघाला तर बंदी त्याच्यावर येते, विक्रेत्यावर नाही. वस्तादांनी आपल्या पोरांना ही गोष्ट आजच सांगावी.

म्हणून मागणी नेमकी करावी लागेल. प्रत्येक बाटलीवर सीबीडी आणि टीएचसी दोन्ही मिलिग्रॅममध्ये छापलेले असावे, बॅचचा तपासणी अहवाल ग्राहकाला मागता क्षणी मिळावा, आणि अन्न व औषध प्रशासनाने बाजारातले नमुने उचलून तपासावेत. हे दोन रेणू वेगळे करून मोजणारे एचपीएलसी नावाचे उपकरण औषधनिर्माणशास्त्राच्या चांगल्या महाविद्यालयांत असते. यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. तोवर ज्या घरात फिट येणारे मूल आहे त्या घराने ऑनलाइन बाटली मागवून चालू औषध मनाने कमी करू नये, कारण फिटचे औषध अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाताना घरात आलेली बाटली आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्याव्यात, मुलाचे वजन त्याच दिवशी करून घ्यावे, आणि सीबीडी द्यायचे ठरलेच तर यकृताची तपासणी सुरुवातीला, पहिल्या, तिसऱ्या व सहाव्या महिन्यानंतर, आणि व्हॅल्प्रोएट चालू असेल तर डॉक्टर सांगतील तशी त्याहून वारंवार करून घ्यावी.